एकोणिसावा इलेक्ट्रॉन

१९ फेब्रुवारी

सकाळपर्यंत मी इतिहास आणि स्वाहिली शिकवत होते. दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापक सिचोने सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, फॉर्म टूचं रसायन मी घेते." फॉर्म टू म्हणजे माध्यमिकचं दुसरं वर्ष. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. तीन वर्षं या शाळेला रसायनाचा मास्तर नाही. "टेमूबाई, देवानंच बुद्धी दिली तुम्हाला," म्हणाले. देवाचा काडीचा संबंध नाही. बुद्धी लुहेंदेनं दिली.

लुहेंदे गणित शिकवतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि तोंडाचा फटकळ. इथून बदली हवी असेल तर तिकडून इकडे यायला तयार असलेला, त्याच विषयाचा माणूस आपला आपण शोधून आणायचा, असा आमच्याकडे रिवाज. फोनवरच्या अदलाबदलीच्या ग्रुपात मी तीन वर्षं लिहिते आहे, 'मोशी हवं, इतिहास.' उत्तरादाखल लोक हसरे चेहरे पाठवतात. काल लुहेंदे म्हणाला, "न्देशी, तिकडे इतिहासाचे मास्तर पायलीचे पन्नास आहेत. पण तो मलेंगा बघ. मोशीला रसायन शिकवतो, घर आपल्या इथे म्पांडाला, बायको रोज रडते. त्याच्या जागी रसायनवालाच लागणार. हो रसायनवाली."

म्हणून झाले. माझी आयका सात वर्षांची आहे आणि मोशीजवळ मारंगूला माझ्या आईजवळ राहते. तिचा बाप केव्हाच आमच्यातून उठून गेला. मी इथे, मधे दोन दिवसांची बस. डिसेंबरात घरी गेले तेव्हा ती मला बघून आजीच्या मागे लपली आणि आठवडाभर मला 'तुम्ही' म्हणत होती. जूनमध्ये मला कायमचं घरी जायचंय. बाकी काही नको.

२४ फेब्रुवारी

पुस्तक एक, मुलं त्रेपन्न. पुस्तक इंग्रजीत. मुलांनी प्राथमिक शाळा सगळी स्वाहिलीत केलेली, त्यामुळे 'अणू' या शब्दाशी त्यांची ओळख माझ्याइतकीच. आज वाचून दाखवलं : अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन. मुलं म्हणाली, "येस मॅडम." विचारलं, कळलं का? "येस मॅडम." मग मी विचारलं, "माझ्या डोक्यावर शेळी बसली आहे का?" "येस मॅडम."

पुस्तक नसल्यामुळे मी फळ्यावर लिहीन ते ही मुलं उतरवतात, अगदी टिंबासकट. आज मी तारीख चुकून तेवीस लिहिली. त्रेपन्न वह्यांत तेवीस. एकालाही शंका आली नाही.

आईला फोन केला. इथे आवाज यायला शिक्षकांच्या खोल्यांमागच्या वारुळावर चढावं लागतं. फोन आयकानंच उचलला. हल्ली आई फोनला हातसुद्धा लावत नाही, लावायचा असो की उचलायचा, नात हजर. लाडोबा करून ठेवलंय तिला.

५ मार्च

आज मी दार बंद करून चक्क स्वाहिलीत शिकवलं. नियमाप्रमाणे वर्गात इंग्रजीच बोलायचं. सर म्पांडाला गेले होते.

मग दार उघडून सगळ्यांना अंगणात नेलं. काठीनं चार वर्तुळं काढली, एकात एक. मधे परात. परातीत एकोणीस मक्याचे दाणे, ते प्रोटॉन. वीस चवळीचे, ते न्यूट्रॉन. मग मुलांना म्हटलं, आता तुम्ही इलेक्ट्रॉन, परातीत जेवढा मका तेवढी मुलं. आतल्या वर्तुळात दोघं. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात आठ. उरली एक, मिंझा. तिला चौथ्या वर्तुळात एकटं उभं केलं. हे पोटॅशियम.

तेवढ्यात सरांच्या कोंबड्या आल्या आणि परातीत तोंड घातलं. हाकलेपर्यंत दोन चवळ्या गेल्या. मी म्हटलं, "बघा, दोन न्यूट्रॉन खाल्ले. आता हे काय झालं?"

मग मिंझा म्हणाली, "पोटॅशियमच. मका तर तेवढाच आहे."

"आणि मक्याचा एक दाणा खाल्ला असता तर?"

तिनं बोटं मोजली. "मग अठरा. आर्गॉन. मग मी घरी जाऊ का?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. या शाळेत तीन वर्षांत मी वर्गात इतकी हसल्याचं आठवत नाही.

जाता जाता मिंझानं विचारलं, "मॅडम, तिसऱ्या वर्तुळात केवढी तरी जागा आहे. मला बाहेर का काढलं?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, उद्या सांगते.

६ मार्च

लुहेंदेला विचारलं. त्यानं डोकं खाजवलं, एक जुनी वही काढली, दोघांनी तासभर माथेफोड केली. तिसऱ्या कक्षेतली नववी जागा गाठायला चौथीतल्या पहिल्या जागेपेक्षा जास्त ऊर्जा लागते. म्हणून एकोणिसावा बाहेर जाऊन बसतो. आत जागा असते, पण ती महाग असते.

मिंझाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याला कोणी हाकललेलं नाही." मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "तरी एकटाच."

२१ मार्च

साखरेच्या आणि पिठाच्या रिकाम्या गोण्या उसवून मुलांनी एक मोठा पडदा शिवला. त्यावर आवर्तसारणी. प्रत्येक मूलद्रव्याला एक चौकोन, प्रोटॉन किती त्या क्रमानं. पहिली वीस आत्ता, बाकीचे चौकोन रिकामे. सोडियमच्या चौकोनात कोणीतरी उविन्झाच्या मिठाची पुडी टाचली, कॅल्शियमच्या चौकोनात अंड्याचं टरफल. क्लोरीनसाठी एक जण सरांच्या घरून कपडे पांढरे करायचं पाणी चोरून आणत होता, पकडला गेला.

एका मुलानं विचारलं, "मूलद्रव्याला चौकोन आवडला नाही तर बदलून मिळतो का?" मी म्हटलं, नाही बाबा, केंद्रकात जे आहे त्यावर जागा ठरते, अर्ज करून काही होत नाही. मागच्या दारात लुहेंदे उभा होता. इतका हसला की खोकला लागला मेल्याला.

अर्ज मी पिवळ्या पाकिटात घालून सरांकडे दिलाय. सर म्हणाले, जिल्ह्याला गेला. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तसंच पिवळं पाकीट दिसलं. दुसऱ्या कोणाचंतरी असेल. सर भले आहेत, परवाच एक मोठा भोपळा पाठवला त्यांनी.

२ एप्रिल

आयका फोनवर सांगत होती, "आता घेवडा मी निवडते. आजीच्या घेवड्यात खडे राहतात. काल तिचा दात दुखला." सात वर्षांच्या पोरीला कामाला जुंपलंय. मी आईला फोनवरच झापलं. आई नुसती हसली. म्हणाली, "शिकू दे की. तू नव्हतीस का शिकली?" खरं आहे, मलाही तिनं कधी बसू दिलं नाही. पण मी तेव्हा दहा वर्षांची होते!

१६ एप्रिल

मलेंगाचा निरोप. त्याच्या मुख्याध्यापकांनी सही केली. आता फक्त आमच्या बाजूची सही हवी. निरोप मी सात वेळा वाचला.

सर म्हणाले, "जिल्ह्याचं म्हणणं आहे, आधी तपासनीस तुमचा तास बघतील, मग ठरवू. मे महिन्यात येतील." म्हणजे मे महिन्यात मी उत्तम शिकवलं की झालं. शिकवेन की! पहिली वीस मूलद्रव्यं ही पोरं झोपेत सांगतात.

२९ एप्रिल

आयकाला लाल स्वेटर पाठवला होता, तिकडे थंडी सुरू झाली. आज आई म्हणाली, "पोरीला निळा रंग काय शोभतो गं!" मी म्हटलं, आई, लाल आहे. ती म्हणाली, "हो हो, लालच म्हणाले मी." आईचं हल्ली कशात लक्ष नसतं. आयकाच्या शाळेतून तक्रार आलीये की ती रोज उशिरा पोचते. विचारलं तर म्हणते, "आजीला आधी नळावर नेऊन आणते." नळ अंगणाबाहेर दहा पावलांवर आहे. आईला सोबत कशाला लागते? कारणं सांगायला शिकली पोरगी. रागावले तिला. फोन ठेवल्यावर वारुळावरच बसून राहिले. खाली उतरावंसंच वाटेना.

११ मे

आज लुहेंदेनं माझं डोकं फिरवलं. म्हणाला, "परवा तपासनीस येतोय. काय ठरवलंयस?"

"काय ठरवायचंय? चांगलं शिकवणार."

"शाब्बास! मग इथेच पुरून घे स्वतःला. अगं, दूध देणारी गाय कोणी सोडतं का? जीवशास्त्राचे ते म्वान्री सर आठवतात? तपासनिसानं पाठ थोपटली, अकरा वर्षं इथे काढली त्यांनी. आणि ती इंग्रजीची बाई तपासनिसासमोर अडखळली, रडली. महिन्यात गेली."

"पण मी वाईट ठरले तर मोशीवाले मला घेतील का?"

"त्यांना सांगणार कोण? जिल्हा म्हणेल, बरं झालं, ब्याद टळली. आणि बदल्यात मलेंगा येईल. खरा रसायनवाला. पोरांचंही भलंच."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्याचं बरोबर आहे. तीन महिने मी माझ्याच दाराला कुलपं लावत बसले. दुपारभर त्सेत्से माशा चावत होत्या आणि मी तशीच बाकावर बसून होते.

१२ मे

ठरलं. उद्या तास वाईट घ्यायचा. एकच चूक, पण ढळढळीत. पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १ असते. मी २, ८, ९ लिहीन. तपासनीस विज्ञानाचा असेल तर लगेच पकडेल. मुलांच्या वह्यांत चूक राहील, पण मलेंगा आला की दुरुस्त करेल. कोणाचं काही बिघडत नाही. माझ्या मुलीसाठी एवढं एक खोटं मी लिहू शकते. लिहीनच.

१३ मे

आजच लिहायला हवं.

तपासनीस म्वाकिबेते साहेब मागच्या बाकावर बसले. ढेरपोटे, हातात वही, कपाळाला आठ्या. शेजारी सिचोने सर. मी हायड्रोजनपासून सुरुवात केली आणि मुद्दाम पुटपुटत, फळ्याकडे तोंड करून पोटॅशियमपर्यंत आले. लिहिलं, २, ८, ९. त्रेपन्न डोकी खाली गेली. पेन्सिलींचा आवाज.

मग मिंझा उभी राहिली. "मॅडम, ते ८ आणि १ आहे ना?"

मी काहीच बोलले नाही. एवढंच करायचं होतं मला, गप्प राहायचं.

म्वाकिबेते साहेबांनी मागून बाक वाजवलं. "ए मुली! शिक्षक लिहिताहेत ना? मोठ्यांच्या मधे बोलायचं नसतं, घरी शिकवलं नाही का कोणी? बस खाली. फळ्यावर आहे ते उतरव."

म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं! मनात आलं, मूर्ख माणसा, तुझ्यासाठीच लिहिलंय ते. तू पकडायचं होतंस.

मिंझा बसली. तिनं वहीत आधीच बरोबर लिहिलं होतं, ती पहिल्याच रांगेत, म्हणून ते मला दिसत होतं. तिनं बोटाला थुंकी लावली आणि तो ८ आणि १ पुसायला लागली. कागद फाटला. फाटक्या कागदाच्या कडेला तिनं ९ लिहिला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपलंच चुकलं असेल, असं म्हणणारा चेहरा होता तो.

मला ते बघवलं नाही. आयका डोळ्यांसमोर होती, शपथेवर सांगते, होती. तरी मी फळा पुसला. म्हटलं, "मिंझाचं बरोबर आहे. माझं चुकलं. मिंझा, पुढे ये आणि सगळ्यांना सांग, एकोणिसावा बाहेर का जातो."

ती आली. खडू हातात घेतला, वर्तुळं काढली आणि समजावलं. ऊर्जा म्हणाली, जागा म्हणाली, महाग म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि सरांच्या कोंबड्या न्यूट्रॉन खातात!" वर्गात हशा पिकला. मग मला थांबताच येईना. गोण्यांचा पडदा काढला, चौकोन, मीठ, टरफल, सगळं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

जाताना म्वाकिबेते साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "सव्वीस वर्षं शाळा तपासतोय. शिक्षिकेची चूक काढणारी मुलगी आणि ती चूक मान्य करणारी शिक्षिका एका वर्गात पहिल्यांदा बघितल्या."

तेव्हाच समजले, मी मेले.

२० मे

अहवाल आला. सरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचला. 'श्रीमती टेमू यांना या शाळेतून कोणत्याही कारणास्तव सोडू नये.' मुलांनी टाळ्या वाजवल्या, ढोल आणला. मिंझा तर नाचत होती. मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार?

नंतर लुहेंदे आला आणि माझ्याशेजारी बसला. भाजलेलं कणीस अर्धं मोडून दिलं आणि गेला.

२३ मे

मलेंगाला म्पांडातलीच दुसरी रसायनवाली मिळाली. 'ताई, माफ करा,' असा निरोप. माफ करायचं काय त्यात. त्याची बायको तरी रडायची थांबेल.

२७ मे

जूनच्या सुट्टीत फॉर्म टूची छावणी. मुलं शाळेतच राहणार, नोव्हेंबरच्या परीक्षेची तयारी, आणि रसायन अर्थातच टेमूबाई. म्हणजे सुट्टीतही घरी जाणं नाही. मी सरांना म्हटलं, "सर, डिसेंबरपासून मुलीला बघितलं नाही मी."

"मग इकडे आणा की तिला. इथे काय मुलं वाढत नाहीत? माझी सहा वाढली."

हे सगळ्यांनी मला शंभरदा सांगितलंय. मी दरवेळी मनात म्हणते, ती इथे आली म्हणजे मी कायमची इथली झाले. आज दुपारी वारुळावर चढले आणि आईला म्हटलं, "आयकाला घेऊन ये. तूही ये. महिनाभर राहा."

मला वाटलं होतं, आई केळीची बाग, गाय, चर्च, शंभर सबबी सांगेल. ती लगेच म्हणाली, "येते." आणि थोडं थांबून, "बरं झालं, बोलावलंस." आवाज जड वाटला. सर्दी झाली असेल.

९ जून

मेमध्ये फळा पुसला नसता तर मी आज मोशीत असते, असं सकाळपासून मनात घोळत होतं. ते म्पांडाच्या बसथांब्यावर पोचेपर्यंत घोळलं. सामान उचलायला छावणीतली मिंझा माझ्याबरोबर आली होती. आईच्या शेजारच्या शायोकाकूंच्या मुलानं आई आणि आयकाला वाटेतल्या ताबोरापर्यंत आणून पुढच्या बसमध्ये बसवलं होतं, एवढंच कळलं होतं. बस तीन तास उशिरा आली, लाल धुळीनं माखलेली.

दार उघडलं आणि आधी आयका उतरली. लाल स्वेटर, एवढ्या उन्हात. गळ्यात आजीची पिशवी. उंच झालीये. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, पण धावत आली नाही. वळली आणि दोन्ही हात वर केले.

"आजी, कडेला धर. एक पायरी. अजून एक, ही उंच आहे. आता जमीन."

आई पायानं जमीन चाचपत उतरली. आयकानं तिचा हात धरून तिला दोन पावलं पुढे आणलं आणि उभं केलं. आई हसत होती. तिनं समोर हात पुढे केला आणि मिंझाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"न्देशी," आई म्हणाली, "किती वाळलीस गं."

मिंझा हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आयका माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."